एका दूधवहीची सहा टेबलं

१ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या दोन बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि १ मार्च २०२१ पासून त्यांच्या शाखांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. लोकांच्या खात्यात थेट पैसे भरणाऱ्या संस्थांपुढे तेव्हा एकच काम आलं: जुना कोड काढायचा, नवा घालायचा. काम सगळ्यांना सारखंच. पण एकाच शाखेसाठी कुणाला एक ओळ बदलावी लागली, तर कुणाला हजारो. तो कोड किती ठिकाणी लिहून ठेवला होता, त्यावर सगळं अवलंबून होतं.

डेटाबेसची टेबलं आखताना एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहिली जावी, हा विचार आधीच करून ठेवणं म्हणजे नॉर्मलायझेशन. कॉलेजात हा विषय बहुतेक वेळा व्याख्यांची माळ म्हणून येतो, पहिला नॉर्मल फॉर्म, दुसरा, तिसरा, मग बॉइस-कॉड, आणि परीक्षा झाली की डोक्यातून उतरतो. एखादा खरा व्यवहार हातात घेतला तर या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. आपण गावातलं दूध संकलन केंद्र घेऊ. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) मोजलं जातं, दरपत्रक बघून दर लागतो, हातात पावती पडते आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार खात्यावर जमा होतो.

समजा, सचिवांनी हे सगळं एकाच एक्सेल शीटमध्ये ठेवलं आहे. आकडे उदाहरणापुरते:

| तारीख | वेळ | सभासद क्र. | नाव | प्रकार | लिटर | फॅट | एसएनएफ | दर | रक्कम | बँक शाखा |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| ५ जून | सकाळ | ४१ | सुमन | म्हैस | ८ | ६.० | ९.० | ५० | ४०० | बाजारपेठ |
| ५ जून | सकाळ | ४१ | सुमन | गाय | ६ | ३.५ | ८.५ | ३३ | १९८ | बाजारपेठ |
| ५ जून | सकाळ | ५७ | दत्तू | म्हैस | ५ | ६.५ | ९.० | ५२ | २६० | स्टेशन रोड |
| ५ जून | संध्याकाळ | ४१ | सुमन | म्हैस | ७ | ६.० | ९.० | ५० | ३५० | बाजारपेठ |

याच्या पुढे मोबाईल, खाते क्रमांक, आयएफएससी असे आणखी रकाने आहेत असं धरू. शीट वाचायला सोपी आहे, एका नजरेत सगळं दिसतं. तरीही ती बिघडणार, आणि तीन तऱ्हांनी बिघडणार.

पहिली तऱ्हा बदलाची. तीनशे सभासदांनी रोज दोन्ही वेळा दूध घातलं तर वर्षाला २,१९,००० ओळी होतात. सुमनताईंनी खातं बदललं तर त्यांच्या सातशे तीस ओळींत नवं खातं घालावं लागेल. गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालत असतील तर त्याच्या दुप्पट. त्यातल्या चार ओळी राहून गेल्या तर शीटमध्ये त्यांची दोन खाती दिसू लागतात, आणि खरं कोणतं हे सांगणारं तिथे काहीच नसतं. जागा वाया जाते ही तक्रार तशी किरकोळ आहे, डिस्क आता स्वस्त आहे. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं मिळणं महागात पडतं, कारण पगार चुकीच्या खात्यात जातो.

दुसरी तऱ्हा नव्या नोंदीची. एखादा नवा सभासद झाला, पण त्याची म्हैस अजून व्यायची आहे. त्याला क्रमांक दिला, बँकेचे कागद घेतले. पण लिहायचं कुठे? शीटमधली प्रत्येक ओळ दुधाची आहे आणि दूध तर अजून नाही. मग कुणीतरी शून्य लिटरची खोटी ओळ घालतं आणि महिन्याची सरासरी बिघडते.

तिसरी तऱ्हा पुसण्याची. जुनी वर्षं काढून टाकू म्हटलं, आणि ज्याची गाय वर्षभर भाकड होती त्याच्या सगळ्या ओळी गेल्या. दुधाबरोबर त्याचं नाव, खातं, मोबाईलही गेला. पुढच्या वेळी तो कॅन घेऊन आला की केंद्राच्या लेखी तो कोणीच नाही.

इंग्रजी पुस्तकांत यांना अपडेट, इन्सर्ट आणि डिलीट ॲनोमली म्हणतात. तिन्हींचं मूळ एकच: एका ओळीत अनेक वेगवेगळ्या गोष्टींची माहिती कोंबली आहे. दुधाची, माणसाची, बँकेच्या शाखेची, दराची.

कोण कुणाला ठरवतं

ही माहिती वेगळी करायची कुठे, हे ठरवण्यासाठी अंदाज लागत नाही. एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे गणितज्ञ आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीचा, निबंध प्रसिद्ध केला. टेबलांचं सुटसुटीत रूप, म्हणजे पुढे पहिला नॉर्मल फॉर्म म्हटला गेलेला प्रकार, त्यात आलं होतं. दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म त्यांनी पुढच्या वर्षी मांडला. या सगळ्याच्या पोटात एकच प्रश्न आहे: हा रकाना कळला की कोणता रकाना नक्की कळतो?

सभासद क्रमांक ४१ म्हटलं की नाव सुमन, दुसरं असूच शकत नाही. म्हणजे सभासद क्रमांक नावाला ठरवतो. याला फंक्शनल डिपेन्डन्सी म्हणतात. उलट दिशेने ते चालत नाही, कारण सुमन नावाच्या गावात चार बायका असतील. शाखा कळली की आयएफएससी कळतो. तारीख, वेळ, सभासद आणि प्रकार एवढं कळलं की लिटर आणि फॅट कळतं.

इथे एक गोष्ट नवशिक्यांच्या हातून हमखास निसटते. हे नियम शीटमधल्या आकड्यांत सापडत नाहीत. वरच्या चार ओळींत लिटरचा आकडा प्रत्येक ओळीत वेगळा आहे, म्हणून लिटर कळलं की फॅट कळतं असं म्हणायचं का? नाही, तो योगायोग आहे. डेटा बघून फार तर एखादा नियम खोटा ठरवता येतो, खरा ठरवता येत नाही. खरा नियम केंद्रावर उभं राहून विचारावा लागतो. एका सभासदाने एकाच वेळी म्हशीच्या दुधाचे दोन कॅन आणले तर एकच पावती करता की दोन? फॅट वेगळं लागलं तर? सचिव म्हणाले, दोन करतो, की तारीख-वेळ-सभासद-प्रकार या चौघांची जोडी ओळ ओळखायला पुरत नाही, पावती क्रमांक घ्यावा लागतो. सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीचं असो, हे उत्तर त्या केंद्रावरच मिळतं.

ज्या रकान्यांवरून ओळ नक्की ओळखता येते त्यांना आपण किल्ली म्हणू. टेबलासाठी निवडलेली किल्ली म्हणजे प्रायमरी की. आता फॉर्मकडे वळू.

पहिला फॉर्म सांगतो की एका चौकटीत एकच मूल्य. मोबाईलच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन नवऱ्याचा आणि मुलाचा असे दोन नंबर लिहिले की 'हा नंबर कुणाचा' हे शोधताना मजकुरात चाचपडावं लागतं. मोबाईल १, मोबाईल २ असे रकाने वाढवणं हाही तोच प्रकार. तिसरा नंबर आला की टेबलाचा आकार बदलतो. म्हणून मोबाईलचं टेबल वेगळं, एका ओळीत एक नंबर. जुन्या छापील वह्यांत एका ओळीत सभासद आणि पुढे एक ते एकतीस तारखांचे रकाने असायचे. कागदावर ते सोयीचं होतं. डेटाबेसमध्ये तारीख हा रकाना असतो, तारखांचे एकतीस रकाने नसतात.

दुसरा फॉर्म किल्ली एकापेक्षा जास्त रकान्यांची असेल तेव्हाच कामाला येतो. आपली किल्ली तारीख, वेळ, सभासद, प्रकार अशी चौघांची आहे असं धरा. लिटर चौघांवर अवलंबून आहे. नाव मात्र एकट्या सभासद क्रमांकावर. किल्लीच्या तुकड्यावर टेकलेला असा रकाना तिथून उचलायचा आणि त्या तुकड्याबरोबर वेगळ्या टेबलात ठेवायचा. झालं सभासदांचं टेबल: क्रमांक, नाव, खातं, शाखा. आता म्हैस न व्यालेला सभासदही त्यात बसतो आणि जुनं दूध पुसलं तरी माणूस राहतो.

'आम्ही तर प्रत्येक टेबलाला आपोआप वाढणारा आयडी देतो, मग किल्लीचा तुकडाच होत नाही, म्हणजे आमचं टेबल दुसऱ्या फॉर्ममध्ये आहेच,' असं पुष्कळ डेव्हलपर मानतात. ही पळवाट आहे. चौघांची जोडी अजूनही एकमेव असेल तर तीही किल्लीच, प्रायमरी म्हणून निवडली नाही एवढंच. दोष जागच्या जागी राहतो. दोन पावत्यांची मुभा असल्यामुळे जोडी एकमेव उरली नसेल, तर पावती क्रमांक सभासद क्रमांकाला ठरवतो आणि सभासद क्रमांक नावाला. नाव मधल्या माणसाच्या ओळखीने आत आलं, आणि आता ते तिसऱ्या फॉर्मच्या आड येतं. आयडी दिल्याने नाव २,१९,००० वेळा लिहिणं थांबत नाही.

तिसऱ्या फॉर्मचं म्हणणं तेवढंच: किल्ली नसलेल्या रकान्यावर दुसरा साधा रकाना टेकून राहू नये. सभासदांच्या टेबलात शाखेचं नाव, बँकेचं नाव आणि आयएफएससी तिन्ही ठेवले तर क्रमांक शाखेला ठरवतो आणि शाखा बाकीच्यांना. म्हणून शाखांचं टेबल वेगळं. विल्यम केंट यांनी १९८३ साली दुसरा आणि तिसरा फॉर्म एका वाक्यात बसवले, कोर्टातल्या शपथेच्या चालीवर: प्रत्येक रकान्याने किल्लीबद्दल बोलावं, सगळ्या किल्लीबद्दल बोलावं आणि किल्लीखेरीज कशाबद्दलही बोलू नये.

शाखांच्या टेबलाची किल्ली काय असावी? आयएफएससी अकरा अक्षरांचा आणि प्रत्येक शाखेला वेगळा, म्हणून तोच घ्यावासा वाटतो. पण तो किल्ली केला तर सभासदांच्या प्रत्येक ओळीत तोच संदर्भ म्हणून येतो, आणि विलीनीकरणात कोड बदलला की त्या शाखेच्या सगळ्या सभासदांच्या ओळी बदलाव्या लागतात. डेटाबेसला सांगून हे आपोआप करवता येतं, तरी बाहेरच्या संस्थेच्या हातात असलेली गोष्ट मी किल्ली म्हणून घेणार नाही. आपला स्वतःचा शाखा क्रमांक द्यावा, आयएफएससी साधा रकाना ठेवावा आणि त्यावर 'दोनदा येऊ नये' अशी अट घालावी. मग कोड बदलला तर त्या शाखेची एक ओळ बदलते, काम संपतं.

दराचा घोळ

आता राहिला दर, आणि तिथे खरी गंमत आहे.

प्रकार, फॅट आणि एसएनएफ कळलं की दरपत्रकावरून दर कळतो. दरपत्रक बदलतं, म्हणून ते कधीपासून लागू झालं ती तारीखही हवी. पुस्तकी न्यायाने दर हा संकलनाच्या टेबलात दोष आहे. तो काढा, दरपत्रकाचं टेबल करा: प्रकार, फॅट, एसएनएफ, लागू तारीख आणि दर. पावती बघताना दोन्ही टेबलं जोडून दर काढा. रक्कम तर साठवायचीच नाही, लिटर गुणिले दर.

हे करून बघा आणि मग एक दिवस दूध संघाकडून निरोप येतो की मागच्या दरपत्रकात छपाईची चूक होती, दुरुस्त करा. तुम्ही दरपत्रकातली ओळ दुरुस्त करता. त्याच क्षणी गेल्या दोन पगारांच्या सगळ्या पावत्यांची रक्कम पडद्यावर बदलते. सभासदाच्या हातातल्या कागदावर ५० आहे, कॉम्प्युटर ५१ म्हणतो, आणि बँकेत गेले ते ५० च्या हिशेबाने.

यात नॉर्मलायझेशन चुकलं नाही, प्रश्न अर्धवट विचारला गेला. 'दरपत्रकाप्रमाणे दर किती' आणि 'त्या पावतीवर दर किती लावला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बहुतेक वेळा आकडा सारखा असला तरी. दुसरी गोष्ट पावती क्रमांकानेच ठरते. सचिव हाताने दर बदलू शकत असतील तर हे आणखी उघड आहे. म्हणून लावलेला दर पावतीच्या ओळीत ठेवणं ही पुनरुक्ती नाही, घडलेल्या व्यवहाराची नोंद आहे. दुकानाचं बिल, एसटीचं तिकीट, विजेचं बिल, सगळीकडे हाच न्याय लागतो. दिसायला सारखे दोन रकाने दिसले की एक उडवायचा, ही सवय मला आळसाची वाटते. एक बदलला तर दुसराही बदलायलाच हवा का, हे आधी विचारावं. हो म्हटलं तर पुनरुक्ती. नाही म्हटलं तर दोन्ही ठेवा.

रकमेचं उत्तर त्यावरूनच निघतं. लिटर आणि दर दोन्ही पावतीत गोठले आहेत, त्यामुळे रक्कम गुणाकाराने निघते. वेगळी ठेवायची गरज नाही. मात्र पैशांचं पूर्णांकन करण्याचा नियम मध्येच बदलण्याची शक्यता असेल तर छापलेली रक्कमही ठेवावी.

तिसऱ्याच्या पुढे

बहुतेक कामं तिसऱ्या फॉर्मवर भागतात. पुढचे प्रकार क्वचित लागतात, पण लागतात तेव्हा ओळखू यावेत.

मोठ्या केंद्रावर तीन खिडक्या आहेत असं समजा. एका खिडकीवर एकाच प्रकारचं दूध घेतात, आणि प्रत्येक सभासदाला प्रत्येक प्रकारासाठी एक खिडकी नेमून दिली आहे. टेबल केलं: सभासद, प्रकार, खिडकी. सभासद आणि प्रकार ही किल्ली. सभासद आणि खिडकी हीही किल्ली होते. तिसऱ्या फॉर्मची तक्रार नाही, कारण प्रकार हा किल्लीचाच भाग आहे. तरी 'दोन नंबरची खिडकी म्हशीची' ही गोष्ट शंभर ओळींत लिहिली जातेच. रेमंड बॉइस आणि कॉड यांनी १९७४ मध्ये नियम कडक केला: जो कुणाला ठरवतो, तो स्वतः किल्ली असलाच पाहिजे. मग दोन टेबलं करावी लागतात, खिडकी-प्रकार आणि सभासद-खिडकी. पण याची किंमत मोजावी लागते. एका सभासदाला म्हशीसाठी दोन खिडक्या नेमल्या तर आता एकट्या टेबलाला ते कळत नाही, दोन्ही जोडून तपासावं लागतं. अशा वेळी तिसऱ्या फॉर्मवरच थांबणं गैर नाही.

चौथा फॉर्म रोनाल्ड फॅगिन यांचा, १९७७ चा. २०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा जनावरांच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यांचे नंबरही नोंदवावे लागले. कुणीतरी मोबाईलच्या टेबलातच बिल्ल्याचा रकाना जोडला असता तर काय झालं असतं? सभासदाचे दोन मोबाईल, तीन गाई. मोबाईलचा आणि गाईचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण एका टेबलात ठेवायचं तर प्रत्येक मोबाईलपुढे प्रत्येक गाय, सहा ओळी. चौथी गाय घेतली की एकदम दोन ओळी वाढवाव्या लागतात. मोबाईलचं टेबल वेगळं आणि जनावरांचं वेगळं केलं की हे मिटतं. पाचवा फॉर्म याच वाटेने आणखी पुढे जातो. रोजच्या कामात तो फारसा गाठ पडत नाही.

तर एका शीटची झाली सहा टेबलं: सभासद, मोबाईल, शाखा, जनावरं, दरपत्रक आणि संकलन. संकलनात पावती क्रमांक, तारीख, वेळ, सभासद क्रमांक, प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ आणि लावलेला दर.

टेबल कुठेही कापून चालत नाही. संकलनाचे उभे दोन तुकडे केले, एकात तारीख आणि सभासद, दुसऱ्यात तारीख आणि फॅट, आणि पुन्हा तारखेवर जोडले, तर त्या दिवसाचा प्रत्येक सभासद प्रत्येक फॅटला चिकटतो. ओळी वाढतात आणि माहिती हरवते. इयान हीथ यांनी १९७१ मध्ये दाखवलेला नियम इथे उपयोगी पडतो: दोन्ही तुकड्यांत राहणारा सामाईक रकाना एका तुकड्यातल्या बाकीच्या सगळ्या रकान्यांना ठरवत असेल, तर कापणं बिनधोक. सभासद क्रमांक नाव, खातं आणि शाखेला ठरवतो, म्हणून तिथे कापता येतं. तारीख कुणालाच ठरवत नाही.

'इतकी टेबलं जोडायची म्हणजे प्रोग्राम मंद होणार' ही भीती आहे, आणि दोन-तीन लाख ओळींच्या केंद्राला ती लागू नाही. संदर्भाच्या रकान्यांवर इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन शोधून देणारी सूची, असला की साधा कॉम्प्युटरही हे सहज पेलतो. सचिवांना जुनी एकत्र शीटच बघायची सवय असेल तर व्ह्यू करून द्यावा. दिसेल सगळं एकत्र, साठेल वेगवेगळं. दहा दिवसांच्या पगाराची बेरीज मात्र पगार वाटल्यावर वेगळ्या टेबलात गोठवून ठेवावी. कारण दराच्या वेळी जे होतं तेच.

जुनी शीट या सहा टेबलांत ओतताना पहिला धक्का सभासदांच्या टेबलालाच बसतो. शीटमधून क्रमांक आणि नावाच्या वेगवेगळ्या जोड्या काढल्या की तीनशे सभासदांच्या साडेतीनशे जोड्या निघू शकतात: सुमन, सुमनताई, सुमन ब., एकाच क्रमांकावर आधी बाप आणि मग मुलगा. डेटाबेस दुसरी ओळ घ्यायला नकार देईल आणि खरं कोणतं हे त्याला सांगता येणार नाही. ती यादी छापून केंद्रावर न्यायची, सकाळच्या रांगेत एकेकाला विचारून खूण करायची, आणि खाते क्रमांक पासबुकावरून ताडून घ्यायचा. शाखांची यादी त्याच फेरीत होते; बंद झालेले जुने कोड कुणाच्या नावापुढे उरले आहेत तेही तेव्हाच सापडतं.